कुळाने गाव सोडावं कसं

बिशान, सिंगापूर
१८ मार्च २०१३

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार केला आहे असं समज. खरंच वाकले तर उठवायला कुणीतरी लागेल.

परवा आपलं फोनवर जे झालं त्याला बोलणं म्हणत नाहीत. तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारत होतं आणि मी इतकी ओरडत होते की शेजारच्या मिसेस चुआंनाही आता माझं मराठी यायला लागेल. शिवाय ओरडून बोललेलं घरात सगळ्यांच्या कानावर जातं. म्हणून ठरवलं, तुला पत्रच लिहायचं. सांगलीला आठ-दहा दिवसांत पोचतं म्हणे.

काम असं. इराला शाळेत प्रकल्प आहे: प्लेग, युद्ध आणि चर्चमधली भांडणं यांनी मध्ययुगातला युरोपचा समाज कसा बदलला. बाईसाहेब चौदा वर्षांच्या झाल्यात, आईला काही येतं यावर विश्वास नाही. मला म्हणाली, "युअर आत्या टॉट धिस फॉर थर्टी इयर्स, राइट? जस्ट आस्क हर लाह." म्हणून विचारते. सोपं करून लिही.

बाकी ठीक. प्रबोधला तांजोंग पगारच्या बँकेत मान वर करायला फुरसत नाही. इथे डेंग्यूची साथ जोरात आहे, आमच्या ब्लॉकखाली लाल फलक लागलाय. मी बरी आहे. माझ्या कार्डावर 'डिपेन्डन्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे नवऱ्याची आश्रित. त्याच्या पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, माझा पास. इथे आल्याला आठ वर्षं झाली, आता त्याचंही काही वाटेनासं झालंय.

तुझी,
मधू

~

सांगली
२ एप्रिल २०१३

चि. मधुवंती,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे इराला दे. मला विचारायची अक्कल तिला सुचली म्हणजे पोरगी आपल्या वळणावर गेली.

तिला सांग, आधी प्लेगच्या आधीचं गाव डोळ्यापुढे आण. गाव जमीनदाराचं. कूळ त्या जमिनीला बांधलेलं. आठवड्यातले ठरावीक दिवस त्याच्या शेतावर वेठ करायची, दळण त्याच्याच गिरणीत दळायचं, मुलीचं लग्न ठरवायचं तर त्याची परवानगी घेऊन वर त्यालाच पैसे द्यायचे. आणि गाव सोडायचं नाही. वाईट वागवत होते असंही नाही सगळीकडे. पण विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे नक्की.

मग १३४७ मध्ये जहाजांवरून रोग आला. दोन-तीन वर्षांत तीन माणसांतलं एक तरी गेलं, कुठे निम्मं गाव गेलं. पीक उभं आणि कापायला हात नाहीत. तेव्हा उरलेल्या कुळाला पहिल्यांदाच कळलं की आपल्यालाही काही किंमत आहे. त्याने दुप्पट मजुरी मागितली. बायकांनाही कापणीचं, विणकामाचं काम आणि रोख मजुरी मिळायला लागली.

मेलेल्यांच्या जिवावर जिवंतांचं भलं झालं, हे वर्गात सांगताना माझा आवाज दर वर्षी खाली यायचा. पण झालं ते असं.

आश्रित या शब्दाची सवय झाली असं लिहिलंस. सवय झालेल्या माणसाने ते लिहिलं नसतं.

तुझी आत्या

~

बिशान
२४ एप्रिल २०१३

प्रिय आत्या,

तुझं पत्र इराने दोनदा वाचून घेतलं. तिला आणखी काही शंका आहेत.

जमीनदारांनी हे मुकाट्याने होऊ दिलं का? कुळाने गाव सोडावं कसं? म्हणजे नक्की काय करायचं, रात्री उठून चालायला लागायचं का? पुढच्या गावात त्याला कोण ठेवून घ्यायचं? आणि एखादी बाई अशी निघाली तर तिची मुलं कुणाकडे राहायची?

जरा सविस्तर लिही. शाळेला तपशील लागतात.

इथे डेंग्यू वाढतोच आहे. नोव्हेना भागातल्या एका लॅबमध्ये माणसं अपुरी पडताहेत असं कळलं. पुण्यातली माझी मैत्रीण अश्लेषा तिथे आहे, एमएस्सीला आम्ही एकाच बाकावर बसायचो. ती सहज म्हणाली, "तू अजून प्लेटलेट मोजू शकतेस का गं?" मी हसून विषय बदलला.

मधू

~

सांगली
९ मे २०१३

चि. मधू,

उत्तरं आधी देते, मग तुझा कान धरते.

मुकाट्याने कोण होऊ देतं? इंग्लंडच्या राजाने कायदाच केला: मजुरी प्लेगच्या आधीची, धडधाकट माणसाने काम नाकारायचं नाही, आणि मुदत संपल्याशिवाय धनी सोडायचा नाही. पळालेल्याला पकडायचं, खोड्यात घालायचं. कायदा कडक होता, पण टिकला नाही. का, ते इराला मुद्दाम सांग. तो मोडला जमीनदारांनीच. याचं पीक उभं, त्याचंही उभं. मग शेजारच्या गावचा कारभारी पळून आलेल्याला "कुठला रे तू?" असं विचारायचंच विसरायचा. कुळाला पळायला पाय लागत नाहीत, गरजवंत असा दुसरा धनी लागतो. आणि कित्येक शहरांत असा रिवाज होता की वर्ष आणि एक दिवस वेशीच्या आत काढला की तो माणूस मोकळा.

मुलांचं मला माहीत नाही. त्या वेळच्या कारकुनांनी वेठीचे दिवस लिहून ठेवले, बायकांच्या पोरांचं काय झालं ते नाही लिहिलं.

आता कान. तीस वर्षं पेपर तपासलेत मी. चौदा वर्षांच्या मुलीला प्लेगमधले उंदीर हवे असतात, मढी हवी असतात. घर सोडणाऱ्या बाईची मुलं कुठे राहतात हे ती विचारत नाही. हे कोण विचारतंय?

आत्या

~

बिशान
२६ जून २०१३

आत्या,

इराचा प्रकल्प एप्रिलमध्येच संपला. ए मिळाला. विचारत होते मी.

उत्तराला उशीर केला कारण काय लिहावं कळत नव्हतं. आता घरातच कोंडले गेलोय, तर लिहिते. इंडोनेशियातल्या जंगलांचा धूर गेला आठवडाभर इथे साचलाय. हवेतल्या प्रदूषणाचं मोजमाप चारशेच्या वर गेलं होतं. खिडक्या बंद, फटींना ओले टॉवेल, समोरचा ब्लॉक दिसत नाही. शनिवार-रविवार आम्ही तिघं एका खोलीत बसून होतो आणि मला श्वास लागत होता. तो धुराने लागत नव्हता हे मला माहीत आहे.

प्रबोध मारत नाही, शिव्या देत नाही. लोक त्याला फार सज्जन म्हणतात. पण आठ वर्षांत मी न विचारता काहीही केलेलं नाही. लायब्ररीत निघाले तरी "कशाला?" आणि उत्तर पटलं तर जायचं. दोन वर्षांपूर्वी मला एका लॅबने बोलावलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझ्या फोनवरून त्यानेच त्यांना कळवलं की तिला आता रस नाही. मला दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, "तुला झेपलं नसतं." आणि पोळी मागितली. मी वाढली. त्या पोळीचा राग मला अजून आहे, त्याच्यापेक्षा माझाच जास्त.

आता साथीमुळे नोव्हेनाच्या लॅबची खरोखर तारांबळ आहे. मी चाचणी देऊन आले, प्रबोधला न विचारता. लॅबप्रमुख मिसेस गोह म्हणाल्या, "यू कॅन स्टार्ट यस्टर्डे ऑर नॉट?" मला रडूच यायला लागलं.

घरी सांगितलं. प्रबोध ओरडला नाही. म्हणाला, "ठीक आहे, कर हौस. पण स्वतंत्र पास कशाला? माझ्या पासवर लेटर ऑफ कन्सेंट काढलं की आश्रितालाही काम करता येतं. पंधरा दिवसांत होईल." खरंय ते. सगळे तसंच करतात. पण ते पत्र त्याच्या पासला लटकलेलं असतं. त्याने मनात आणलं की नोकरी गेली. मला माझा स्वतःचा पास हवाय, आत्या. मिसेस गोहना गरज आहे, त्या माझ्यासाठी एम्प्लॉयमेंट पासचा अर्ज करायला तयार आहेत. तो मिळाला की इराचं नाव माझ्या पासवर लावायचं आणि आम्ही दोघींनी वेगळं राहायचं. मला एवढंच हवंय. हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

सासूबाईंना स्काइपवर नोकरीचं कळलं, त्यांनी बोलणं टाकलंय. अंकुरला मी वेगळं राहायचं जरा सुचवलं, तर तो म्हणाला, "ताई, नोकरी कर, पण घर मोडणार असशील तर भाऊ नाही म्हणून समज." सासूबाई म्हणतात माहेरच्यांनी बिघडवली, अंकुर म्हणतो सासरच्यांनी डोक्यावर बसवली. दोघंही मला बाहेर काढायला निघालेत. मला भीती वाटते.

मधू

~

सांगली
१० जुलै २०१३

मधू, बाळा,

एवढं गिळून बसलीस आणि मी तुला उंदरांच्या गोष्टी सांगत राहिले.

तुझा भाऊ माझा सख्खा भाचा, पण बोलला तो गाढवासारखं. त्याला मी वेगळं पत्र लिहिलंय, ते तू वाचू नयेस.

भीतीचं म्हणतेस तर तिसरी गोष्ट राहिलीय ना अजून, चर्चची. तेव्हा बहिष्कार म्हणजे काय होतं ठाऊक आहे? लग्न लागणार नाही, मेल्यावर पवित्र मातीत पुरणार नाहीत, स्वर्गाचं दार बंद. राजेसुद्धा चळाचळा कापायचे. मग १३७८ मध्ये दोन पोप झाले, एक रोमला, एक फ्रान्सच्या दक्षिणेला आविन्योंला. रोमवाल्याने आविन्योंवाल्याला बहिष्कृत केलं, त्याने याला. त्यांच्या मागचे राजे, बिशप, गावंच्या गावं बहिष्कृत. म्हणजे कुणाचंही ऐकलं तरी अख्खा युरोप कुणाच्या ना कुणाच्या मते नरकात चाललेला. भांडण मिटवायला सभा भरवली, तर तिने तिसरा पोप निवडला! आपल्याकडच्या सोसायट्यांची आठवण येते. चाळीस वर्षं हे चाललं. आणि त्या चाळीस वर्षांत पाव भाजले गेले, पोरं झाली, पाऊस वेळेवर पडला. तेव्हा सामान्य माणसाच्या लक्षात आलं की बहिष्कार घातल्याने कुणी मरत नाही. पुढे जे जे झालं त्याचं बी तिथे पडलं.

तुझ्या दोन पोपांना भांडू दे. तू अर्ज कर. स्वतंत्र पासाचाच कर, लटकलेल्या पत्राचा नको.

आत्या

~

बिशान
२० ऑगस्ट २०१३

प्रिय आत्या,

अर्ज गेला. मिसेस गोहनी पाठवला, मी सह्या केल्या. वेळ लागेल म्हणतात, पदव्यांची पडताळणी आहे.

नवल सांगते. प्रबोध विरोध करत नाही. जुलैच्या मध्यापासून तो एकदम निवला. अर्जासाठी माझी पदवीची प्रमाणपत्रं सापडत नव्हती, तर त्यानेच माळ्यावरून बॅग काढून शोधून दिली. "स्वतंत्र पासच बरा," म्हणाला. वर एकदा चहा केला. इराने फोटो काढला त्या चहाचा.

मला वाटतं, मी ठाम राहिले म्हणून हे झालं. जिंकल्यासारखं वाटतंय. आणि मी निघून जायचं ठरवलंय हे त्याला माहीत नाही म्हणून लाजही वाटते.

मधू

~

सांगली
३ सप्टेंबर २०१३

चि. मधू,

चहाचं वाचून मी चष्मा पुसला.

जिंकलीस ते छानच. पण युद्धाचं प्रकरण शिकवायचं राहिलंय, म्हणून लिहिते. इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध म्हणतात, पण ते काही रोज चालत नव्हतं. लढाई, तह, पुन्हा तिजोरीची जमवाजमव, पुन्हा लढाई. त्या खर्चासाठी डोईपट्टी बसवली तेव्हा १३८१ मध्ये इंग्लंडची कुळं लंडनवर चालून गेली. राजा इराएवढा, चौदा वर्षांचा. घोड्यावरून आला, गोड बोलला, सगळ्यांना मोकळं केल्याचे कागद दिले. लोक रडले आणि घरी गेले. महिन्याभरात कागद रद्द, पुढारी फासावर, आणि राजाने सांगितलं, तुम्ही बांधलेलेच होतात आणि बांधलेलेच राहाल.

प्रबोधचा हा तह आहे. त्याच्या मनात बायको जाऊ नये एवढंच असेल, तर देव त्याचं भलं करो. पण तू कार्ड हातात पडेपर्यंत तहाला भुलू नकोस. बोलायचं ते नंतर बोल.

आत्या

~

बिशान
२ ऑक्टोबर २०१३

आत्या,

पास आला. मंजुरीचं पत्र आणि माझं नाव, कुणाचीही आश्रित नसलेलं. सोमवारी संध्याकाळी मी प्रबोधला सगळं सांगायचं ठरवलं होतं. इरा क्लासला गेली होती. वाक्यं पाठ केली होती.

तो आधी बोलला. "मधू, बस जरा."

बँकेने त्याचा अख्खा विभाग चेन्नईला हलवला. त्याला जुलैतच कळलं होतं. सप्टेंबरभर, नोटिशीच्या मुदतीत, त्याला कामावर यायला मनाई होती, तरी तो रोज टाय लावून निघायचा आणि बिशानच्या बागेत बसायचा. कासवं बघायचो, म्हणाला. त्याचा पास आता रद्द होतोय. त्याच्याबरोबर आमचेही झाले असते आणि महिन्याभरात तिघांना देश सोडावा लागला असता.

मी म्हटलं, "आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तुझा पास आला ना," तो म्हणाला. "तुझ्या पासवर इराचं नाव लागतं. माझंही लागतं. मी वाचलंय सगळं. म्हणून तर म्हणालो, स्वतंत्र पासच घे."

कळलं तुला? तो तह नव्हता आणि मी काही जिंकलेही नव्हते. ज्या दारातून मी बाहेर पडणार होते ते त्याला स्वतःसाठी उघडं हवं होतं, म्हणून त्याने प्रमाणपत्रं शोधून दिली. मी पाठ केलेल्यातलं एक वाक्यही बोलू शकले नाही. समोर पन्नाशीला आलेला माणूस हात मांडीखाली घेऊन बसला होता, आणि मला त्याची दया आली. दया आली याचाच इतका राग आला की मी भाजी करपवली.

त्याचं नाव माझ्या पासवर लावायच्या अर्जावर मी सही केली तर तो माझा आश्रित. नाही केली तर इराचा बाप पुण्याला परत जाणार, रिकाम्या हाताने, त्याच्या आईच्या दारात. सही करू का?

मधू

~

सांगली
१५ ऑक्टोबर २०१३

मधू,

मी त्याला तह म्हणाले. साफ चुकले. सांगलीत बसून नवऱ्यांचा अंदाज बांधणं आणि तोही माझ्यासारख्या बिनलग्नाच्या बाईने, हसण्यासारखंच आहे.

सही करू का, याचं उत्तर माझ्या विषयात नाही. एवढं माहीत आहे की रोग तोच, पण युरोपच्या पश्चिमेकडे त्याने गाठी सैल केल्या आणि पूर्वेकडे पुढे त्याच गाठी जास्त आवळल्या. आणि जी कुळं मोकळी झाली त्यांनी मेलेल्या शेजाऱ्यांची शेतं खंडाने घेतली, गडी ठेवले, आणि त्या गड्यांशी ती जुन्या जमीनदारापेक्षा गोड वागली असं काही दिसत नाही. हे मी परीक्षेला कधी विचारलं नाही, कारण मुलांना वाईट वाटायचं.

जे करशील ते मला कळव. काहीही केलंस तरी तू माझी आहेस, आणि हे घर तुझ्या नावाने उघडं आहे. इथे यायला कुठला पास लागत नाही.

आत्या

~

बिशान
११ नोव्हेंबर २०१३

प्रिय आत्या,

दिवाळी झाली. चकल्या मऊ पडल्या. सही केली.

इरासाठी केली, असं स्वतःला सांगते. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. सहीनंतर दोनच दिवसांनी प्रबोध खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "केस कापायला जाऊन येऊ?" आठ वर्षांत त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं. मी लगेच "जा" म्हणाले नाही. जरा थांबले. तो थांबून राहिला. आत्या, मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. तुझी ती गडी ठेवणारी कुळं मला त्या क्षणी पुरती समजली. तेवढ्यात मागून इरा खुदकन हसली, "सो नाउ बाबा मस्ट आस्क यू, इज इट?" मलाही हसू आलं आणि मग ते तोंडातच अडकलं. पोरगी हेच शिकणार असेल तर मी कशासाठी चालले होते?

त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचा तो फोन, ती पोळी, आणि मी वेगळं राहायचं ठरवलंय हे. मग म्हणाला, "आत्ता?" मी म्हटलं, आत्ता नाही. एका पगारात दोन घरं होत नाहीत, आणि तुझा पास रद्द करून तुला विमानात बसवणं माझ्या हातून होणार नाही. ज्या दिवशी तुला नोकरी आणि तुझा पास मिळेल, त्या दिवशी मी आणि इरा निघू.

"आणि नाही मिळाला तर?" त्याने विचारलं. भांडायला नव्हे, खरंच विचारलं.

तेव्हापासून मी त्याच्यासाठी नोकऱ्या शोधते आहे. नोव्हेनाला जाताना एमआरटीच्या गाडीत फोनवर तेच, जेवणाच्या सुट्टीत तेच. त्याचा बायोडेटा मी तीनदा नव्याने लिहिला. ओळखीतल्या सगळ्यांना गाठलं, ज्यांच्याशी बोलत नव्हते त्यांनाही. इतक्या कळकळीने मी माझी नोकरी शोधली नव्हती. मिसेस गोह म्हणतात, "वाह, युअर हजबंड सो लकी."

काल एका कंपनीकडून नकार आला. तो मुलाखतींच्या अगदी शेवटच्या फेरीपर्यंत गेला होता, मी मनात घरसुद्धा बघून ठेवलं होतं, नोव्हेनाजवळ, दोन खोल्यांचं. प्रबोध म्हणाला, "जाऊ दे." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

बाहेर आले तर तो दाराशीच उभा होता. त्याचेही डोळे भरलेले. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं. मिळेल मला."

तुझी,
मधू